अनसूयाबाईंचा आक्षेप

अनसूयाबाईंनी पहिल्याच भेटीत माझ्या मुस्काटात मारली होती. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, नागपुरात कामठी रोडच्या बाजूला एका वस्तीतल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि शाळेच्या मागेच एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. माझी बायको नलिनी पहिलटकरीण. एका दुपारी अचानक कळा सुरू झाल्या. रिक्षा मिळेना, तेव्हा शेजारणीने धावत जाऊन वस्तीच्या सुइणीला आणलं. मूल पायाळू होतं. आत नलिनी ओरडत होती आणि दारात उभा राहून मी तिच्यापेक्षा मोठ्याने रडत होतो. कोपरापर्यंत रक्ताने भरलेले हात घेऊन अनसूयाबाई बाहेर आल्या, त्यांनी मला एक सणसणीत ठेवून दिली आणि म्हणाल्या, "रडाचं असन तं नालीवर जाऊन रड. मले इथं बाई अन् लेकरू, दोघंच पायजे."

माझी मुलगी निळीजांभळी जन्मली, तोंडातून आवाज नाही. त्या बाईंनी तिला पायांना धरून उलटी केली आणि पाठीवर असे फटके दिले की मला वाटलं, उरलासुरला जीवही जाईल. चौथ्या-पाचव्या फटक्याला पोरगी रडली. बाई जमिनीवर बसल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "रडली माह्या हातावर." माझ्या गालावर रक्ताची चार बोटं उमटली होती, ती मी संध्याकाळपर्यंत पुसली नाहीत.

अनसूयाबाई मूळच्या कन्हानच्या. वडील कोळशाच्या खाणीत होते, तिथेच छत कोसळून गेले. लग्न होऊन त्या नागपुरात आल्या, नवरा लवकर वारला, मूलबाळ झालं नाही. सुइणीचं काम सासूकडून शिकल्या. छप्पन साली वस्तीने धम्म घेतला तेव्हा त्या पांढरं लुगडं नेसून रांगेत उभ्या होत्या, आणि त्यानंतर घरातले सगळे देव त्यांनी स्वतः नेऊन नदीत सोडले. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती. पण शांत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज फाटका. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याच्या घरी त्या चुलीतलं जळतं लाकूड उचलून घ्यायच्या. एकाची पाठ त्यांनी अशी भाजली होती की तो महिनाभर पालथा झोपला. वर त्यालाच दम द्यायच्या, "माह्या हातावर रडला तू. तुह्या मायले किती कष्ट पडले थे म्या पाह्यले. आता तू कोणाले रडवून राहिला गा?"

वस्तीतल्या जन्माला त्या होत्या, तशा मरणालाही होत्या. बायकापुरुषांना शेवटची आंघोळ घालायला त्यांनाच बोलावत. त्यामुळे कोण आहे आणि कोण नाही, याची त्यांच्याइतकी पक्की खबर कोणत्याही कचेरीत नसेल.

हीच गोष्ट पुढे त्यांच्या मुळावर आली.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. विधानसभेची निवडणूक लागली. आमचे आमदार दोनदा निवडून आलेले, त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचे. त्यांच्याविरुद्ध कोणी उभं राहायला धजत नसे. त्या वर्षी वस्तीतलाच एक किडकिडीत वकील अपक्ष म्हणून उभा राहिला. मतदानाच्या आधीचे पंधरा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. वकिलाच्या पहिल्या सभेत सोड्याच्या बाटल्या फेकल्या गेल्या, पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याचा डोळा गेला. चार दिवसांनी प्रचाराची झोपडी पेटवली. वस्तीनेही हातात बांगड्या भरल्या नव्हत्या. साहेबांचा फलक लावणाऱ्या दोघांना पोरांनी सायकलच्या चेनीने फोडून काढलं. साहेबांची जीप वस्तीतून गेली तेव्हा तिच्या काचेवर पहिली वीट अनसूयाबाईंनीच मारली. काचेचे तुकडे रस्त्यावर पडलेले असताना त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

साहेबांची मारामारीची कामं बघायचा बबन पहेलवान. बबन या वस्तीतच जन्मलेला, अनसूयाबाईंच्या हातावर. मोठा झाल्यावर शहराबाहेर वाडीला ट्रकच्या गोदामांवर गेला, तिथे हमालांचा मुकादम झाला आणि मग साहेबांचा माणूस. बाई वकिलाच्या एजंट म्हणून मतदान केंद्रात बसणार असं कळल्यावर तो त्यांच्या घरी आला. मी तेव्हा मुलीसाठी घुटी न्यायला गेलो होतो, म्हणून ते बोलणं मी ऐकलं.

"मावशी, तू घरी राय त्या दिवशी," बबन म्हणाला. "मी हात जोडून सांगून राहिलो."

"काहून?"

"तुले समजत नाही काय? माणसं येतीन. तू मधात नको पडू."

"कोणती माणसं? मेलेली काय?"

बाईंनी घुटीची वाटी माझ्या हातात दिली आणि त्याला म्हणाल्या, "जा. तुह्या साहेबाले सांग, या वस्तीत मत टाकाचं तं जित्या माणसानं टाकाचं."

मतदान आमच्याच शाळेत होतं. माझीही नेमणूक तिथेच झाली, आजच्यासारखी काटेकोर बदलाबदल तेव्हा नसे. माझं काम बोटाला शाई लावण्याचं. केंद्राध्यक्ष एका कचेरीतले हेडक्लार्क, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. पहिले दोन तास रांग नीट चालली. बाई खिडकीजवळच्या बाकावर एजंटांच्या जागेत बसल्या होत्या, नवं लुगडं, छातीवर बिल्ला. मला बघून त्यांनी ओळखही दाखवली नाही. नियम म्हणजे नियम.

नऊच्या पुढे बाहेर ट्रक थांबला. वाडीच्या गोदामांतले हमाल उतरले आणि रांग मोडून आत आले. पहिल्याने नाव सांगितलं, गोविंदा अमुक. बाई उठून उभ्या राहिल्या.

"माहा आक्षेप हाय. गोविंदा दिवाळीत मेला. म्याच त्याले आंघोळ घातली."

केंद्राध्यक्षांनी चष्मा पुसला. तो माणूस मागच्या मागे निघून गेला. दुसऱ्याने दौलत म्हणून नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "दौलतच्या उजव्या हाताले सहा बोटं हायेत. दाखव तुही." खोलीत कोणीतरी हसलं. एकामागून एक त्यांनी अकरा जणांना परत पाठवलं. प्रत्येकाची आई कोण, तो कुठल्या पावसाळ्यात जन्मला, त्याच्या अंगावर कुठे डाग आहे, हे त्या भराभर सांगत होत्या आणि केंद्राध्यक्षांच्या कपाळावर घाम जमत होता.

मग बबन आला. बरोबर चौघं. दारावरचा शिपाई तेवढ्यात चहा प्यायला म्हणून निघून गेला.

"चाल मावशी, उठ."

बाईंनी उठून त्याच्या तोंडावर मारली. त्या चौघांनी त्यांना धरलं. त्या बाकाला, मग टेबलाला, मग फळ्याला धरत होत्या, आणि ओढत नेत असताना शेवटी त्यांनी दाराची चौकट उजव्या हाताने पकडली. तिथून त्या हलेनात. चौघं पुरुष ओढत होते आणि त्या हलत नव्हत्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हाक मारली नाही, फक्त पाहिलं. मी खाली मान घातली. माझ्या हातात शाईची काडी होती, मी त्या काडीकडे पाहत राहिलो.

बबनने चौकटीवरच्या त्या हाताकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. शाळेचं सागवानी दार, जड. आवाज झाला तो दाराचा नव्हता, हाडांचा होता. त्याने ते दार पुन्हा उघडून दुसऱ्यांदा लावलं.

त्या ओरडल्या नाहीत असं लोक पुढे सांगायचे. ते खोटं आहे. त्या ओरडल्या, नलिनी ओरडली होती तशा. माझ्यासमोर पुढच्या 'मतदारा'ने बोट पुढे केलं आणि मी त्याला शाई लावली. दिवसभर लावत राहिलो. चौकटीवरचं रक्त दुपारपर्यंत वाळून काळं पडलं. संध्याकाळी केंद्राध्यक्षांनी अहवालात लिहिलं, 'मतदान शांततेत पार पडले.' त्याखाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. माझी सही दुसरी आहे.

साहेब मोठ्या फरकाने निवडून आले. बाईंच्या उजव्या हाताची चार बोटं गेली, म्हणजे तुटली नाहीत, पण वाकडी होऊन कायमची आखडली. त्या हाताने पुढे एकही मूल बाहेर काढलं नाही.

निकालानंतर आठ दिवसांनी वस्तीतल्या पोरांनी भर दुपारी बबनला नाल्याच्या पुलावर एकटा गाठला. शाळा सुटली होती, मी त्याच वाटेने येत होतो. काठ्या होत्या, चेनी होत्या. बबनचा जबडा एका बाजूला गेला होता, एक पाय विचित्र वळला होता, तो उठायचा प्रयत्न करत होता आणि पोरं त्याला उठू देत नव्हती. कोणीतरी बाईंना बोलावून आणलं. त्यांच्या गळ्यात प्लास्टरचा हात लटकत होता. पोरं बाजूला झाली. बाईंनी डाव्या हाताने वीट उचलली, खाली बसल्या, बबनचा उजवा हात पुलाच्या दगडावर नीट ठेवला आणि वीट घातली. एकदा. मग दुसऱ्यांदा.

"दोनदा केलं होतं त्यानं," त्या पोरांना म्हणाल्या. "झालं. आता कोणी हात लावला तं मी त्याचा जीव घेईन."

रिक्षा थांबवून त्यांनी स्वतः बबनला सरकारी दवाखान्यात नेलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा सांगितलं, "हात म्या फोडला. बाकी कोण होतं थे मले दिसलं नाही." पोरांपैकी एकाचंही नाव त्यांनी घेतलं नाही.

खटला उभा राहिला. वकिलाने त्यांची बाजू मांडली, आधी मतदान केंद्रात काय घडलं ते न्यायाधीशांसमोर यावं म्हणून मला साक्षीला बोलावलं. समोरच्या वकिलाने आमच्या सह्यांचा अहवाल वाचून दाखवला. मग मला विचारलं, "केंद्रात या बाईंच्या हाताला इजा होताना तुम्ही पाहिलं का?"

घरी लहान मुलगी होती. नोकरी कायम व्हायची होती. आदल्या दिवशी दोन माणसं शाळेच्या फाटकाशी उभी राहून माझ्याकडे नुसती बघून गेली होती. मी म्हणालो, "मी खाली पाहून शाई लावत होतो. मी काही पाहिलं नाही."

बाईंना एक वर्षाची शिक्षा झाली. बबनवर गुन्हाच नोंदला गेला नाही, कारण मतदान शांततेत पार पडलं होतं.

त्या सुटून आल्या त्या दिवशी सकाळी आमच्याकडे आल्या. नलिनीने दार उघडलं आणि तिला रडू कोसळलं. मी आतल्या खोलीत होतो, बाहेर यायची हिंमत होत नव्हती. शेवटी आलो. बाईंचे केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी माझ्या मुलीला डाव्या हाताने मांडीवर घेतलं होतं.

मी म्हणालो, "मावशी, मी कोर्टात..."

"तू कोर्टात खोटं नाही बोलला, मास्तर," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू खालीच पाहून राहिला होता. म्या पाह्यलं ना."

एवढंच बोलून त्यांनी चहा मागितला. तो चहा त्या डाव्या हाताने, बशी सांडत प्यायल्या. मला त्या दिवशी त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

पुढची निवडणूक यायला सहा वर्षं गेली, मधे आणीबाणी होती. तोवर मी थोडा वर चढलो होतो. या वेळी मी स्वतः कचेरीत चार खेपा घालून त्याच शाळेत केंद्राध्यक्षाची नेमणूक मागून घेतली. तिथे जायला कोणी तयार नव्हतंच, त्यामुळे लगेच मिळाली. साहेब पुन्हा उभे होते, वकीलही. एजंटांच्या बाकावर अनसूयाबाई बसल्या होत्या. वाकडा हात त्यांनी मुद्दाम टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता.

ट्रक आला. बाईंनी पहिला आक्षेप घेतला, मी तो माणूस बाहेर काढला. दुसरा, तिसरा. मग दारात बबन आला. त्याचाही उजवा हात कामातून गेलेला, पायाने लंगडत होता. स्वतः तो दारातच थांबला. आत आली ती त्याची नवी पोरं.

मी मतपेटी खिडकीच्या कोपऱ्यात ओढली आणि तिच्यावर बसलो. म्हणालो, "मतदान थांबवलं आहे." एकाने लोखंडी खुर्ची उचलून माझ्या डोक्यात घातली. डोळ्यांसमोर पांढरं झालं. दुसरा घाव खांद्यावर बसला. मी पेटी सोडली नाही याचं मला कौतुक नाही. खरं सांगायचं तर पाय उभे राहायला तयार नव्हते.

बाहेर बायकांची रांग होती. खुर्चीचा आवाज ऐकून ती रांग आत घुसली. मी रक्तातून बघत होतो. चपला, पाण्याच्या कळशा, एकीच्या हातात शाळेची घंटा. एका पोराला त्यांनी केस धरून जमिनीवर पाडलं आणि त्याच्या छातीवर एक म्हातारी बसली. एकाचे दात माझ्या पायाशी पडले. बबन काहीच न करता दारातून पाहत होता, मग वळून निघून गेला.

या सगळ्यात अनसूयाबाई जागेवरून उठल्या नाहीत. मी नंतर कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी उठली असती तं म्हटले असते, एजंटनंच दंगा केला." तेव्हा मात्र त्या फक्त एवढंच ओरडल्या, "मास्तर, लिहा! रक्त मंग पुसा, आधी लिहा!"

मी लिहिलं. कोण आलं, किती वाजता आलं, कोणी मारलं, सगळं. कागदावर थेंब पडत होते. पोलीस आले, तासाभराने मतदान पुन्हा सुरू झालं, आणि त्या दिवशी आमच्या केंद्रात एकही मेलेला माणूस मत द्यायला आला नाही.

निवडून साहेबच आले.

मागच्यापेक्षा जास्त मतांनी आले. शहरात सगळीकडे तेव्हा वारं साहेबांच्या विरुद्ध होतं, पण मतदानाच्या महिनाभर आधी वस्तीत नळ आले होते आणि घरांच्या जागेच्या पट्ट्याचे कागद वाटले गेले होते. मिरवणूक वस्तीतून गेली तेव्हा लोकांनी दारं लावून घेतली नाहीत. उलट बायका ओवाळायला बाहेर आल्या. ज्यांनी चार दिवसांपूर्वी शाळेत चपला हाणल्या होत्या, त्यातल्याही दोघी होत्या. पुलावर बबनला मारणारी पोरं आता बाप्ये झाली होती, ती ढोलापुढे नाचत होती. वकील घरात बसून होता.

अनसूयाबाई गर्दीत शिरल्या. डोक्याला पट्टी बांधलेला मी त्यांच्यामागे गेलो, मला भीती होती की त्यांच्या हातात वीट असेल. हात रिकामा होता. त्या सरळ जीपसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ढोल थांबले. साहेब गुलालाने माखले होते. त्यांनी ओळखलं. वाकून हात जोडले आणि हसून म्हणाले, "काय अनसूयाबाई? आता तरी राग सोडा. शेवटी मीच निवडून आलो ना?"

"हाव," बाई म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "आज तू निवडून आला, साहेब. मागच्या टायमाले आला नव्हता."

साहेबांचे जोडलेले हात तसेच राहिले. बाई बाजूला झाल्या, जीप पुढे गेली, दहा-बारा पावलं गेल्यावर ढोल पुन्हा सुरू झाले.

घरी येऊन त्या ओट्यावर बसल्या आणि रडल्या. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तोंड न झाकता, मोठ्याने, लहान मुलासारखं. मी म्हणालो, "मावशी, एवढं करून काय झालं? तोच आला." त्यांनी डाव्या हाताने नाक पुसलं. "आपल्याच लोकाहीनं आणला त्याले. माह्या हातावर रडलेल्याहीनं. त्याहीच्यावर मी कोणता आक्षेप घेऊ?" मग उठून त्यांनी चूल पेटवली आणि मला जेवूनच जा म्हणाल्या.

त्यानंतर माझी उमरेडला बदली झाली. बाई पुढे काही वर्षांनी गेल्या, मी अंत्ययात्रेला पोचू शकलो नाही. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मी पाहिली आहे. नव्या नळांना दोन दिवस पाणी नव्हतं. आठ वाजता साहेबांच्या बंगल्यापुढे हार घेऊन माणसांची ही गर्दी. अनसूयाबाई रिकामी कळशी घेऊन त्या गर्दीतून फाटकापर्यंत गेल्या. गुरखा म्हणाला, साहेब झोपले आहेत. बाईंनी कळशी फाटकाच्या लोखंडावर आपटली. पुन्हा आपटली. वरच्या खिडकीचा पडदा हलला.

"निवडून आला ना तू?" त्या खालून ओरडल्या. "मंग ये बाहेर!"